आत्महत्येचे विचार मनात येत असलेल्या माणसाला आधार कसा द्यावा

आधी तातडीची गोष्ट. तुमच्या समोरच्या व्यक्तीने स्वतःला इजा केली असेल, इजा करण्याचे साधन तिच्या हाताशी असेल किंवा 'आज, आत्ताच' अशी तिची भाषा असेल, तर पुढचे वाचत बसू नका. तिला एकटे न सोडता आपत्कालीन सेवेला फोन करा किंवा तिला जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. काही विषारी घेतल्याची किंवा जास्त औषध घेतल्याची नुसती शंका असली आणि ती व्यक्ती वरकरणी ठीक दिसत असली, तरीही थांबू नका. काही पदार्थांची लक्षणे उशिरा दिसतात आणि तोवर उपचारांची वेळ निघून गेलेली असते. घरच्या घरी उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नये, आणि जे घेतले असेल त्याचे पाकीट किंवा बाटली डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत घ्यावी. भारतात आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे आणि मानसिक आधारासाठी शासनाची टेलि-मानस ही चोवीस तास चालणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३, तर ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ या क्रमांकांवर अशीच मदत मिळते. हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवण्यासाठी संकटाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपले काम नेमके कोणते

जवळचे माणूस मरणाची भाषा करू लागले की बहुतेकांना एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे जगणे किती मोलाचे आहे हे त्याला पटवून देणे. इथेच गाडी रुळावरून घसरते. त्या घटकेला तो माणूस जगण्या-मरण्याचा तात्त्विक वाद घालत नसतो, त्याला असह्य वेदना होत असतात. आत्महत्येच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांपैकी एक असलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी आयुष्यभर हेच मांडले की, या विचारांच्या मुळाशी सहन न होणारी मनाची वेदना असते, माणसाला ती वेदना थांबवायची असते आणि मृत्यू हा त्याला दिसणारा एकमेव उपाय बनलेला असतो. त्यांनी आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगितली, ती म्हणजे अशा माणसाच्या मनात मरण्याची इच्छा आणि कुणीतरी आपल्याला वाचवावे ही इच्छा एकाच वेळी नांदत असते. ज्याने तुम्हाला काही सांगितले, निदान सूचित केले, त्याच्या मनातला जगू पाहणारा भाग तुमच्याशी बोलला आहे.

दुसरी बाब काळाची. हे विचार महिनोन्‌महिने असू शकतात, पण त्यांची जीवघेणी तीव्रता सतत सारखी राहत नाही; ती चढते, शिखराला पोहोचते आणि ओसरते. म्हणून आधार देणाऱ्याला त्या माणसाचे कर्ज, आजारपण किंवा मोडलेले लग्न एका रात्रीत निस्तरायचे नसते. त्याला तीन गोष्टी करायच्या असतात. त्या माणसाला एकटे पडू न देणे, त्याच्या आणि घातक साधनांच्या मध्ये अंतर निर्माण करणे आणि योग्य उपचारांपर्यंत त्याला सोबत करणे. एवढे काम सामान्य माणसाला जमण्यासारखे आहे, त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

काय दिसले की सावध व्हावे

'बोलणारे कधी करत नाहीत' हा समज चुकीचा आहे आणि त्याने जीव गेले आहेत. आत्महत्येने मृत्यू पावलेल्या अनेकांनी आधी कुणाला ना कुणाला काहीतरी सांगितलेले असते, फक्त ते सरळ शब्दांत नसते. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो', 'मी नसलो तर तुमचे तरी सुटेल', 'आता फार दिवस राहिले नाहीत', 'कशाचाच अर्थ उरला नाही' अशी वाक्ये हसण्यावारी नेऊ नयेत. वागण्यातले बदलही बोलके असतात. आवडीच्या वस्तू देऊन टाकणे, कागदपत्रांची अचानक आवराआवर करणे, लोकांना टाळणे, झोप उडणे, मद्यपान वाढणे, चिडचिड किंवा बेफिकिरी वाढणे, ही त्यातली नेहमी दिसणारी लक्षणे आहेत. आणखी एक लक्षण असे आहे की, ते बघून घरच्यांना हायसे वाटते, मात्र तिथेच विशेष काळजी घ्यावी लागते. दीर्घकाळ तळमळणारा माणूस काहीही बदललेले नसताना एकाएकी अगदी शांत होतो. ही शांतता बरे वाटल्याची असू शकते, तशीच निर्णय पक्का झाल्याचीही असू शकते.

प्रत्येक वेळी लक्षण दिसतेच असे मात्र नाही. नोकरी जाणे, परीक्षेतले अपयश, नातेसंबंध तुटणे, गंभीर आजाराचे निदान, चारचौघांत झालेली बेअब्रू किंवा जवळच्या व्यक्तीचा मृत्यू यांपैकी काही घडले असेल, किंवा पूर्वी कधी प्रयत्न झालेला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता विचारावे.

विचारणे

बहुतेकांचे पाऊल इथे अडखळते. 'आपण विषय काढला तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू' ही भीती स्वाभाविक आहे, परंतु ती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले गेले आणि निम्म्यांना विचारले गेले नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट ज्यांना नैराश्य होते किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, अशा मुलांचा ताण थोडा हलका झालेला दिसला. नंतरच्या अभ्यासांचा कलही तसाच आहे. थेट प्रश्नाने इजा होत नाही, त्याने दार उघडते.

विचारताना शब्द सरळ वापरावेत. 'तसले काही वेडेवाकडे तुझ्या मनात नाही ना?' या प्रश्नातच 'नाही म्हण' अशी विनवणी दडलेली असते, आणि समोरचा ती ऐकून 'नाही' म्हणतो. जागा अशी निवडावी की तिसरे कुणी ऐकणार नाही, वेळ अशी की पाच मिनिटांत उठावे लागणार नाही, आणि फोन नजरेआड ठेवावा. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून बोलण्यापेक्षा शेजारी बसून किंवा चालता चालता बोलणे अनेकांना सोपे जाते. समजा, एक बहीण आपल्या धाकट्या भावाशी बोलते आहे.

"गेले काही दिवस तू जेवत नाहीस, मित्रांचे फोन उचलत नाहीस. काल म्हणालास की, मी नसलेलाच बरा. मला तुझी काळजी वाटते आहे, म्हणून सरळ विचारते. आत्महत्येचा विचार तुझ्या मनात येतो का?"

"तसं काही नाही गं ताई."

"असेल तरी मी रागावणार नाही. घाबरून आरडाओरडाही करणार नाही. मला खरं काय ते ऐकायचं आहे."

बराच वेळ तो काही बोलत नाही. तीही बोलत नाही.

"येतो. रात्री जास्त येतो."

"सांगितलंस, बरं केलंस. किती दिवसांपासून येतो आहे?"

या छोट्या संभाषणात तिने तीन गोष्टी नीट केल्या आहेत. स्वतःला जे दिसले तेच तिने सांगितले, त्यावर आरोप चढवला नाही. पहिला नकार तिने अंतिम धरला नाही, आणि वादही घातला नाही. तो गप्प झाला तेव्हा ती शांतता तिने तिच्या बोलण्याने भरून काढली नाही, आणि मला विचाराल तर या तिन्हींपैकी हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. उत्तर 'हो' आले की आपले काळीज धडधडू लागते. तेव्हा एक दीर्घ श्वास घ्यावा आणि 'सांगितलेस ते बरे केलेस' एवढेच म्हणावे. बाकी सारे नंतर.

ऐकणे, आणि काय बोलू नये

सर्वांत जास्त अपाय करणारी वाक्ये बहुधा प्रेमापोटीच तोंडून निघतात. 'आई-वडिलांचा तरी विचार कर', 'मुलांकडे बघ' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला वाटते की मायेचा धागा त्याला धरून ठेवील. परंतु अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी असे मांडले आहे की, आत्महत्येच्या इच्छेमागे दोन भावना प्रामुख्याने असतात, एक म्हणजे आपण कुणाचेच उरलो नाही ही, आणि दुसरी म्हणजे आपण आपल्या माणसांवर ओझे झालो आहोत ही. ज्याची खात्री झालेली असते की आपण गेलो तर मुले सुखी होतील, त्याला 'मुलांकडे बघ' म्हणणे म्हणजे त्याच्या युक्तिवादाला आणखी एक पुरावा पुरवणे आहे. त्यावर अपराधीपणाची भर पडते आणि पुढच्या वेळी तो बोलतच नाही. 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात', 'हे पाप आहे', 'हा भित्रेपणा आहे', 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' या वाक्यांनीही तेच होते. 'करायचेच असेल तर करून दाखव' असे चिडून किंवा खोचकपणे कधीही, कोणत्याही परिस्थितीत म्हणू नये.

मग काय बोलावे? कमी बोलावे. 'हे सगळे तू एकट्याने सोसत होतास', 'सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो ते सांग', 'मला पूर्ण कळले नसेल, पण कळून घ्यायचे आहे' अशी वाक्ये पुरतात. त्याने सांगितलेले आपल्या शब्दांत पुन्हा मांडून बरोबर समजले का ते विचारावे, म्हणजे त्याला आपले म्हणणे पोहोचल्याची खात्री पटते. तो जगण्याच्या बाजूचे काही आपणहून बोलला, उदाहरणार्थ 'धाकटीचे शिक्षण राहिले आहे' किंवा 'कुत्र्याला कोण सांभाळणार', तर तिथे अवश्य थांबावे आणि त्याबद्दल आणखी विचारावे. तेच कारण आपण पुढे केले असते तर त्याचे दडपण झाले असते. त्याच्या तोंडून आले की ते त्याला धरून ठेवणारे ठरते. पुढे लिहायच्या योजनेतही त्याला जागा द्यावी.

धोका किती आहे हे ताडणे

विचार येतात हे कळल्यावर आणखी काही प्रश्न तितक्याच शांतपणे विचारावे लागतात. कसे करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी लागणारी वस्तू जवळ आहे का, केव्हा हे ठरले आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का, आणि सध्या मद्य किंवा अन्य नशा चालू आहे का? 'झोपेतून उठूच नये असे वाटते' असे म्हणणाऱ्या माणसालाही मदत हवीच असते, पण मार्ग, साधन आणि वेळ तिन्ही ठरवलेल्या माणसाला आजच, याच घटकेला मदत हवी असते. अशा वेळी त्याच्याजवळ कुणीतरी सतत असले पाहिजे आणि त्याला थेट रुग्णालयात नेले पाहिजे. धोक्याचा अचूक अंदाज बांधणे तज्ज्ञांनाही जमत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. शंका असेल तेव्हा धोका जास्त आहे असे धरूनच वागावे. त्यात फार तर एखादी फेरी वाया जाईल.

साधनांपासून अंतर

या विषयावरच्या बोलण्यात ज्या गोष्टीला सर्वांत कमी जागा मिळते, ती माझ्या मते सर्वांत परिणामकारक आहे. घातक वस्तू माणसाच्या हाताशी नसली तर जीव वाचतो. 'एक मार्ग बंद केला तर तो दुसरा शोधेल' हे तर्काला पटणारे वाटते, पण अनुभव वेगळा आहे. श्रीलंकेत १९९० च्या दशकात आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते आणि त्यांत कीटकनाशकांचा वाटा फार मोठा होता. तिथल्या शासनाने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर १९९५ मध्ये आणि आणखी एका कीटकनाशकावर १९९८ मध्ये बंदी घातली, पुढेही काहींवर घातली, आणि साधारण वीस वर्षांत देशातील आत्महत्यांचे एकूण प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. त्या काळात लोकांची दुःखे ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती. ब्रिटनमध्येही १९९८ मध्ये एका सर्रास मिळणाऱ्या वेदनाशामकाच्या पाकिटातील गोळ्यांची संख्या कायद्याने मर्यादित केली गेली आणि त्या औषधाने होणारे मृत्यू घटले.

याचे कारण वर सांगितलेल्या लाटेसारख्या तीव्रतेत आहे. प्रयत्नातून वाचलेल्या माणसांशी बोलून केलेल्या एका ऑस्ट्रियन अभ्यासात, जवळजवळ निम्म्या लोकांनी विचार येणे आणि कृती करणे यांत दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ गेल्याचे सांगितले. त्या दहा मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळे अवलंबून असते. आणि जे वाचतात त्यांच्यापैकी दहांतले जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. हा आकडा मी मुद्दाम देतो आहे, कारण 'ज्याने ठरवले त्याला कोण अडवणार' ही हताश समजूत घराघरांत ऐकू येते.

घरात करायचे काम साधे आहे. उरलेली, मुदत संपलेली आणि कुणाच्या तरी जुन्या आजारातली औषधे काढून टाकावीत. चालू औषधे कुलपात ठेवून आठवड्याच्या हिशेबाने द्यावीत आणि डॉक्टरांनाही थोड्या थोड्या दिवसांची औषधे लिहून देण्याची विनंती करावी. कीटकनाशके आणि इतर विषारी रसायने घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात असावीत. शस्त्र असेल तर ते लपवून भागत नाही, ते घरातूनच हलवावे. त्या व्यक्तीने एखादा विशिष्ट मार्ग बोलून दाखवला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. मद्यही शक्य तितके दूर ठेवावे, कारण नशेत विचार आणि कृती यांतले अंतर आणखी कमी होते. हे सारे चोरून करण्याऐवजी शक्यतो सांगून करावे. 'तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर एखाद्या वाईट रात्री तुला त्रास होऊ नये म्हणून या गोष्टी काही दिवस मी माझ्याकडे ठेवते' असे म्हटले, तर बरेच जण स्वतःच वस्तू आणून देतात.

एक कागद, एक योजना

'मी काही करणार नाही' असे वचन किंवा शपथ घ्यायला लावण्याची पद्धत पूर्वी दवाखान्यांतही होती. तिचा उपयोग होतो असे दिसलेले नाही. वचन दिल्यामुळे वाईट रात्री काय करायचे हे कळत नाही, उलट वचन मोडण्याची लाज वाटून माणूस सांगायचे टाळतो. त्याऐवजी अमेरिकेतील बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेली सुरक्षा योजना, म्हणजे वाईट क्षणी काय करायचे आणि कुणाला गाठायचे हे आधीच लिहून ठेवलेला कागद, आज बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील तातडीच्या विभागांत ही योजना आणि त्यानंतर फोनवरून पाठपुरावा असे दोन्ही केले गेले, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तनाचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला.

ही योजना समुपदेशकासोबत करणे उत्तम, पण तोपर्यंत घरीही सुरुवात करता येते. व्यक्ती थोडी शांत असताना, तिच्याच शब्दांत आणि शक्यतो तिच्याच अक्षरांत ती लिहावी. नमुना म्हणून त्या भावाचा कागद असा असू शकेल.

"माझी धोक्याची खूण: रात्री दोनपर्यंत झोप नसते आणि तीच ती जुनी भांडणं डोक्यात फिरतात. मी एकट्याने करू शकतो ते: खोलीतून बाहेर येणे, तोंडावर गार पाणी, कानात जुनी गाणी लावून गच्चीऐवजी रस्त्यावर फेरी. ज्यांच्यात गेलं की मन दुसरीकडे लागतं: व्यायामशाळेतली मुलं, मावशीचं घर. ज्यांना खरं सांगू शकतो: ताई, कितीही वाजता. डॉक्टर आणि हेल्पलाइनचे क्रमांक: मागच्या बाजूला. औषधं ताईकडे आहेत. मला राहायचं आहे ते: पुतणीला सायकल शिकवायची आहे म्हणून."

'गच्चीऐवजी रस्त्यावर' हे दोन शब्द पाहावेत. असे तपशील बाहेरचा माणूस सुचवू शकत नाही, ते त्याच्याकडूनच यावे लागतात. प्रत्येक ओळीपाशी 'हे खरोखर करता येईल का, काय आड येईल?' असे विचारावे आणि जे जमणार नाही ते खोडावे. कागदाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा, कारण रात्री दोन वाजता कागद सापडत नाही.

गुपित राखण्याबद्दल

'तुला एक सांगतो, पण कुणाला सांगू नकोस' असे म्हणून सुरुवात झाली, तर तसे वचन देऊ नये. 'तुझी गोष्ट मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर आणखी कुणाला तरी सांगावे लागेल, आणि कुणाला सांगायचे ते आपण दोघे ठरवू' असे आधीच स्पष्ट करावे. मैत्री तुटेल या भीतीने गप्प राहणाऱ्या मुलामुलींना हे विशेषकरून सांगायला हवे, कारण किशोरवयात पहिली माहिती बहुधा मित्रमैत्रिणींनाच असते. त्या वयाची व्यक्ती बोलली, तर एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगणे हेच मैत्रीतले काम आहे. मात्र घरातच छळ होत असेल, तर सांगण्यासाठी घराबाहेरचे माणूस निवडावे.

उपचारांपर्यंत नेणे

'डॉक्टरांना दाखव' एवढे म्हणून थांबले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. मनाने थकलेल्या माणसाला फोन लावून वेळ घेणे हाही डोंगर वाटतो. म्हणून वेळ आपण घ्यावी, सोबत जावे आणि बाहेर बसून राहावे. मानसोपचारतज्ज्ञ लगेच मिळत नसेल तर नेहमीच्या ओळखीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करावी, आणि त्यांना 'झोप लागत नाही' असे मोघम न सांगता आत्महत्येचे विचार येतात हे स्पष्ट सांगावे. तो माणूस जायला तयार नसेल, तर 'एकदाच भेटू, पुढचे नंतर ठरवू' असा छोटा टप्पा पुढे ठेवावा. तरीही नाही म्हणाला, तर हेल्पलाइनवर किंवा तज्ज्ञांकडे आपण स्वतः बोलून पुढे काय करावे ते विचारावे.

औषधांबद्दल दोन गोष्टी घरच्यांना ठाऊक असाव्यात. नैराश्यावरील औषधांचा पुरेसा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच 'गुण नाही' म्हणून ती सोडू नयेत. त्याचबरोबर, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांमध्ये औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सुरुवातीच्या काळात अस्वस्थता किंवा असे विचार वाढण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवसांत लक्ष अधिक ठेवावे आणि बदल दिसताच डॉक्टरांना कळवावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

नंतरचे दिवस

रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाभोवती सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि नेमका तोच काळ जोखमीचा असतो. मानसिक उपचारांसाठी दाखल झालेल्यांच्या बाबतीत घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे, आणि एकूणच पहिले तीन महिने, सर्वाधिक धोक्याचे असतात. पुढच्या तपासणीची तारीख रुग्णालय सोडण्यापूर्वीच ठरवावी, ती पहिल्या आठवड्यातली असावी, आणि औषधांचा बंदोबस्त तो माणूस घरी येण्याआधीच झालेला असावा.

या काळात सर्वांत मोलाचा ठरतो तो साधा, नियमित संपर्क. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी ८४३ रुग्णांसोबत केलेले काम यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे रुग्ण आत्महत्येच्या विचारांमुळे किंवा नैराश्यामुळे दाखल झाले होते आणि नंतर त्यांनी पुढचे उपचार घेण्यास नकार दिला होता, किंवा ते मध्येच सोडले होते. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली गेली. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर आम्हाला आनंद होईल, एवढाच मजकूर असे. ना उपदेश, ना विचारपूस, ना पुढच्या भेटीचा आग्रह. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण पत्रे न मिळालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी राहिले. आज पत्राची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाने घेतली आहे, पण तत्त्व तेच. 'आज तुझी आठवण झाली. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही' हा संदेश 'आता कसे वाटते? गोळ्या घेतल्यास ना?' यापेक्षा कमी दडपण आणतो. रोज दहा संदेश पाठवून आठवड्यात थकून जाण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण सहा महिने, पाठवावेत. घटनेचा वर्षदिन, निकालाचा दिवस, न्यायालयाची तारीख असे अवघड दिवस आधीच नोंदवून ठेवावेत आणि त्या दिवशी सोबत असण्याची व्यवस्था करावी.

ती व्यक्ती दुसऱ्या शहरात किंवा देशात असेल, तर तिचा नेमका पत्ता आणि तिच्या जवळ राहणाऱ्या निदान एका माणसाचा क्रमांक आजच मागून घ्यावा. संकटाच्या क्षणी फोनवर बोलणे चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून तिच्या गावातील आपत्कालीन सेवेला कळवावे लागते, आणि तेव्हा पत्ता विचारत बसण्याइतका वेळ नसतो.

आणि आधार देणाऱ्याबद्दल. एका माणसाने हे सारे एकट्याने पेलू नये. दोन-तीन विश्वासू माणसांत रात्री, फोन आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाटून घ्याव्यात, 'मला रात्री अकरानंतर जमणार नाही, तेव्हा दादाला फोन कर' अशी मर्यादा मोकळेपणाने सांगावी, आणि त्या व्यक्तीलाही ते आधी माहीत असावे. तुमची झोप उडाली असेल, सतत फोनकडे लक्ष असेल, तिचा राग येत असेल आणि राग येतो म्हणून अपराधी वाटत असेल, तर तुम्हीही समुपदेशकाशी बोला. वर दिलेल्या सेवांवर काळजी घेणारी माणसेही फोन करतात आणि त्यांचेही तितक्याच आस्थेने ऐकले जाते. सर्व काही करूनही एखादा जीव जातो, तेव्हा मागे राहिलेल्यांवर त्याचा दोष येत नाही. अशा मृत्यूनंतर शोक करणाऱ्या घरच्यांमध्ये आणि मित्रांमध्येही हे विचार येण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांच्यापाशीही हाच प्रश्न, याच सरळ शब्दांत, विचारावा.